ज्वारीच्या भावकीतलं गवत

अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात राहतो म्हटलं की समोरून ठरलेला प्रश्न येतो: तिथं बघायला काय आहे? भारतातून कुणी फोनवर विचारलं तर मी समजू शकते. पण विचिटातले आमचे मराठी लोकसुद्धा हेच म्हणतात. लाँग वीकेंड आला की गाडी भरून सात-आठ तास कोलोरॅडोकडे निघतात. कॅन्सस सिटीला जाताना तर फ्लिंट हिल्स नावाच्या गवताळ टेकड्यांच्या मधून रस्ता जातो, तरी कुणी थांबत नाही.

या वर्षी आई-बाबा आले होते. एका घरच्या गणपतीला आरती झाल्यावर प्रसादाच्या ताटांवर एका गृहस्थांनी बाबांनाच सांगितलं, "काका, एवढ्या लांब आलात खरे, पण इथं सगळा ओसाड माळ आहे हो." बाबा काही बोलले नाहीत. मोहोळ तालुक्यात सगळं आयुष्य माळाच्या कडेला शेती केलेला माणूस. मला मात्र ते वाक्य फार लागलं. आमच्या सोलापूरबद्दल पुण्या-मुंबईचे लोक हेच बोलतात, याच सुरात. लग्नानंतर पुण्यात मी ते पुष्कळ ऐकलंय.

सप्टेंबरच्या शेवटी आम्ही चौघं याच फ्लिंट हिल्समधल्या, स्ट्राँग सिटीजवळच्या टॉलग्रास प्रेअरी नॅशनल प्रिझर्व्हला गेलो. विचिटापासून सव्वा-दीड तास. तिकीट नाही. जवळपास 10,900 एकर गवताळ टेकड्या, आणि त्यात चाळीस मैलांहून जास्त लांबीच्या पायवाटा. माझा नवरा पुण्याचा, राजगड-तोरणा कितीदा केलेला. त्याला ही "चढ नसलेली चाल" वाटते. त्याच्या मते ट्रेक म्हणजे घाम, कातळ आणि माथ्यावर पोचल्यावर सुटणारा वारा. मलाही गड प्रिय आहेत, त्यांच्याविरुद्ध मी एक शब्द ऐकून घेणार नाही. पण गुडघे गेलेल्या बाईला कुठल्या गडावर न्यायचं? आईला मी एकदा कास पठारावर नेलं होतं. फुलं सुंदरच होती, पण ती अर्धा वेळ गर्दीत बसायला जागा शोधत होती.

इथं फॉक्स क्रीक नावाच्या ओढ्याच्या काठानं एक वाट आहे, बॉटमलँड ट्रेल. ओढ्याच्या खोऱ्यातली सपाट जमीन, बारीक खडी दाबून केलेली रुंद वाट, दोन छोट्या फेऱ्या. या वाटेबद्दल मी जरा जास्तच लिहिणार आहे, कारण माझ्या मनातून ती जात नाही. पायऱ्या नाहीत, पाय अडकेल असा दगड नाही. दमलात तर पहिल्या फेरीवरून परत फिरा, नाहीतर दुसरी धरा. आमच्या पुढं एक म्हातारे गृहस्थ व्हीलचेअरवर होते आणि त्यांची बायको शेजारून चालत होती. चाक कुठं रुतलं नाही, की कुणाला उचलावं लागलं नाही. आई त्यांच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मला पण जमंल की." आणि ती चालली. काठी घेऊन, मधे थांबत, पण कुणाचा हात न धरता. घराबाहेर तिला एवढं मोकळं चालताना मी किती तरी वर्षांनी पाहत होते. ज्यांनी कुणी इथं खडी टाकताना चाकाचा आणि काठीचा विचार केला, त्यांचे मी मनापासून आभार मानते. सोपी वाट करणं हे बिनमहत्त्वाचं काम नाही. अवघड वाटा डोंगर स्वतःच करतो, सोपी वाट माणसाला ठरवून करावी लागते.

आणि दोन्ही बाजूंना गवत. सप्टेंबरात बिग ब्लूस्टेम पुरुषभर उंच होतं, काही ठिकाणी त्याहूनही जास्त. दांडे तांबूस-जांभळे, टोकाला तीन बोटांसारखा तुरा. बाबांनी एक तुरा वाकवून बघितला, तोडला नाही. म्हणाले, "हा मारवेलच आहे, नुसता उंच झालाय." पुढं इंडियन ग्रास लागलं, सोनेरी भरगच्च कणसाचं. ते बघून ते थांबलेच. "आणि हे ज्वारीच्या भावकीतलं दिसतंय."

मी घरी आल्यावर शोधलं. बाबा अगदी बरोबर होते. बिग ब्लूस्टेम, इंडियन ग्रास, आपला मारवेल, ज्वारी, ऊस, मका, ही सगळी गवतांच्या एकाच गटातली, अँड्रोपोगोनी नावाच्या. इंडियन ग्रासचं शास्त्रीय नाव सोरघॅस्ट्रम, ज्वारीचं सोरघम. अमेरिकेत सगळ्यात जास्त ज्वारी पिकते तीही कॅन्ससमध्येच. मंगळवेढ्याच्या मालदांडीची सर तिला नाही, लाल बुटकी ज्वारी असते आणि बरीचशी जनावरांच्या पोटात जाते. पण शाळेत न शिकलेली वनस्पतींची कुळं माझ्या वडिलांना हाताला कळली, याचा मला जो अभिमान वाटला तो इथं लिहिल्याशिवाय राहवत नाही.

या टेकड्या वाचल्या कशा, ते बाबांना मी सांगायच्या आधी कळलं. त्यांनी वाटेच्या कडेला चपलेनं माती उकरली आणि म्हणाले, "वर टेकडीवर कुळव चालत नसणार." तसंच आहे. पर्मियन नावाच्या अतिप्राचीन काळातल्या समुद्राच्या तळाशी साचलेला चुनखडक, त्यात गारगोटीचे थर, आणि वर वीतभर माती. शेजारच्या राज्यांत पोलादी नांगरानं सगळं गवत उलथून मका आणि सोयाबीन आलं. उंच गवताचा हा प्रदेश एकेकाळी सतरा कोटी एकर होता, त्यातला चार टक्केसुद्धा उरला नाही. उरला त्यातला बराचसा इथं, कारण दगडापुढं नांगर हरला. आपल्या मुरमाड माळाचं तरी दुसरं काय आहे?

म्हणून कुणी अमेरिकेचं उदाहरण देऊन आपल्याला निसर्ग शिकवायला लागलं की मला राग येतो. 96 टक्के यांनी नांगरलं. इथले गवे, म्हणजे बायसन, मारून संपवले. आज या कुरणात दिसतात ते 2009 साली साउथ डकोटातून आणलेल्या तेरा गव्यांपासून वाढलेले. ज्या कॉ, म्हणजे कान्झा, या मूळनिवासी लोकांच्या नावावरून या राज्याचं नाव पडलं, त्यांना 1873 मध्ये इथून आजच्या ओक्लाहोमात हाकललं. आणि आजही जवळजवळ सगळी जमीन खाजगी. बाबांना रस्त्याच्या दोन्ही बाजूंची तार बघून गुदमरल्यासारखं झालं. "मग माणसानं चालायचं कुठं?" आपल्याकडे धनगराची मेंढरं आणि शाळेत निघालेली पोरं माळ आडवा तुडवत जातात, कुणी विचारत नाही. इथं आखलेली वाट सोडली तर पाय टाकायला जागा नाही. ही सोय पाहताना तिच्यामागची ही अडचण पण लक्षात ठेवली पाहिजे.

पण एक गोष्ट मला मान्य करावीच लागते. हे राखीव कुरण होण्याआधी इथल्या पशुपालकांनी कित्येक वर्षं विरोध केला. सरकार आपल्या जमिनी घेईल ही भीती. शेवटी 1996 मध्ये कायदा झाला तेव्हा त्यात लिहिलं गेलं की केंद्र सरकारच्या मालकीची जमीन 180 एकरांपेक्षा जास्त असणार नाही. बाकीची आज मुख्यतः एका निसर्गसंस्थेच्या नावावर आहे आणि कारभार दोघं मिळून बघतात. बाबांनी हे दोनदा विचारून घेतलं. कारण 1979 साली आपल्याकडे माळढोकासाठी सोलापूर-नगरचा साडेआठ हजार चौरस किलोमीटर भाग अभयारण्यात घातला होता. त्यात उभी पिकं, वस्त्या, तालुक्याची गावं. लोकांना स्वतःची जमीन विकायची पंचाईत झाली आणि बिचाऱ्या पक्ष्यावर राग निघाला. पुढं ते क्षेत्र खूप कमी केलं, पण तोवर माळढोकही सोलापूरजवळच्या नान्नजला दिसेनासा होत चालला होता. लहानपणी बाबांनी मला तो दाखवलाय, लांबून, मान ताठ करून चालणारा. माझ्या मुलांना तो मी कुठं दाखवू?

दुसरी मान्य करावीशी गोष्ट म्हणजे आग. वसंतात इथले पशुपालक टेकड्या मुद्दाम जाळतात. कॅन्ससमधल्याच मॅनहॅटन गावाजवळ कोन्झा प्रेअरी आहे, कॅन्सस स्टेट युनिव्हर्सिटीचं संशोधन चालतं तिथं. वेगवेगळे तुकडे दर वर्षी, दोन वर्षांनी, चार वर्षांनी, वीस वर्षांनी जाळून बघतात. जाळलं नाही तर सीडरची झाडं माजतात आणि गवत मरतं. म्हणजे झाड वाढलं म्हणून इथं हळहळतात! आपल्याकडे माळ दिसला की तो मोकळा वाटतो, आणि गिरिपुष्प नाहीतर सुबाभूळ लावून फोटो काढतात. काळवीट, चिंकारा, लांडगा, धाविक पक्षी, यांना झाडी नको, गवत पाहिजे, हे आमच्या गावच्या मेंढपाळालाही ठाऊक असतं. त्याला विचारत कुणी नाही.

मला बरेच जण विचारतात, मग एवढं प्रेम आहे तर परत का येत नाहीस? नवऱ्याचं काम इथल्या विमान कारखान्यात आहे, मुलं इथल्या शाळेत आहेत. आणि खरं सांगायचं तर या गवताजवळ राहून मी माळापासून फार दूर गेले असं मला वाटत नाही. उलट पुण्यात फ्लॅटमध्ये होते तेव्हा जास्त दूर होते.

कुणी इकडे येणार असेल तर सप्टेंबरच्या शेवटी किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला या. जुलैच्या दुपारी येऊ नका, वाटेवर सावली नसते. पाणी भरपूर घ्या. पायघोळ पॅन्ट आणि मोजे घाला, गोचीड आणि चिगर नावाचे बारीक किडे फार चावतात. वडीलधारे असतील तर बॉटमलँडची वाट. पाय बरे असतील तर शाळेच्या जुन्या दगडी इमारतीजवळची साउथविंडची वाट घ्या, पावणेदोन मैलांची, हलका चढ आहे. गव्यांच्या कुरणातून वर जायचं असेल तर त्यांच्यापासून शंभर यार्ड लांब राहा, मग ते कितीही शांत चरत असोत. कोन्झाला गेलात तर किंग्ज क्रीकचा लाकडी पूल ओलांडून टेकडीवर चढा, वरून कॅन्सस नदीचं खोरं दिसतं. कुत्रा तिथं नेता येत नाही.

आणि आमच्याकडेच उतरा. कोलोरॅडोचं नंतर बघू.