‘ब्रावो टू’ सापडेपर्यंत: टॅक्सी चेकचा माझा अनुभव

आमच्या पायलट ट्रेनिंगच्या धावपट्टीला एकच टॅक्सीवे (विमान जमिनीवर चालवत, म्हणजे टॅक्सी करत, न्यायचा रस्ता) आहे, तिथे वाट चुकायला जागाच नाही. पण टॉवर असलेल्या मोठ्या विमानतळावर एकटीने जायचं तर आधी इन्स्ट्रक्टरसोबत तिथे चेक, म्हणजे चाचणी, द्यावी लागते. माझं उड्डाण, सर्किट (धावपट्टीभोवतीची फेरी), लँडिंग पहिल्याच दिवशी झालं. अडकले ती जमिनीवर, आणि दोनदा. प्रत्येक वेळी पुढचा स्लॉट मिळायला दहा-बारा दिवस गेले.

राग आहे तो एका झेरॉक्सवर. डिस्पॅचच्या (जिथून विमानं सोडतात त्या ऑफिसच्या) टेबलावर एरोड्रोम चार्टची, म्हणजे विमानतळाच्या नकाशाची, लॅमिनेट केलेली प्रत असते, सगळे तीच मांडीवरच्या नीबोर्डला लावून निघतात. त्या प्रतीवर ब्रावो (‘बी’ अक्षराचं रेडिओवरचं नाव) हा एप्रनपासून, म्हणजे विमानं उभी असतात तिथून, रनवेच्या टोकापर्यंत सरळ जाणारा एकच टॅक्सीवे आहे. प्रत्यक्षात त्याला फाटा फुटलाय: ब्रावो वन रनवेच्या मधोमध निघतो, ब्रावो टू टोकाला. ग्राउंडने (जमिनीवरची विमानं सांभाळणाऱ्या कंट्रोलरने) सांगितलं, ‘चार्ली, ब्रावो, होल्डिंग पॉइंट ब्रावो टू’; म्हणजे सी, मग बी टॅक्सीवेने जाऊन बी२ ला रनवेच्या आधी थांबायचं. मी रीडबॅक अचूक दिला, म्हणजे ऐकलेली सूचना तशीच परत म्हटली. कागदावर ‘टू’ नव्हता, तरी पुढे दिसेलच म्हणून निघाले. फाट्यावर जाडसर पिवळी रेघ डावीकडे वळत होती, मीही वळले. तो ब्रावो वन होता. समोर रनवेची लाल पाटी आली आणि सरांनी ब्रेक मारला. रनवेआधीची थांबायची रेघ ओलांडली नव्हती, पण चेक तिथेच संपला.

मला नापास होण्याचं तितकं वाईट वाटलं नाही, जितकं खरा चार्ट फुकट मिळतो हे नंतर कळल्याचं. एअरपोर्ट्स अथॉरिटीच्या एआयएम (वैमानिकी माहितीच्या) संकेतस्थळावर ई-एआयपी हे अधिकृत माहितीपुस्तक आहे, त्यात प्रत्येक विमानतळाचा ताजा चार्ट असतो. बदल एआयरॅक नावाच्या २८ दिवसांच्या ठरलेल्या चक्राने येतात. मधल्या काळात बंद झालेला टॅक्सीवे, चालू असलेलं खोदकाम, हे नोटॅम या वैमानिकांसाठीच्या तात्पुरत्या सूचनांमध्ये. चार्टच्या कोपऱ्यात तारीख छापलेली असते, आधी ती बघा. लॅमिनेट केलेल्या कागदावर विश्वास ठेवू नका, तो जितका टिकाऊ तितका जुना.

जमीन आणि कागद जुळत नसले की काय होतं, याचं सगळ्यात भयंकर उदाहरण मिलानच्या लिनाटे विमानतळावरचं आहे. ८ ऑक्टोबर २००१, दाट धुकं. छोट्या सेस्ना सायटेशनला आर-५ या टॅक्सीवेने जायला सांगितलं होतं, ते आर-६ वर गेलं. वाटेत वैमानिकांनी ‘एस-४’ ही खूण दिसल्याचं सांगितलं. ती जमिनीवर रंगवलेली होती, पण चार्टवर नव्हती, आणि कंट्रोलरलाही ठाऊक नव्हती. ग्राउंड रडार चालू नव्हतं. सायटेशन थेट रनवेवर गेलं आणि उड्डाण घेणारं एमडी-८७ प्रवासी विमान त्यावर आदळलं. ११८ माणसं गेली. म्हणून कंट्रोलरच्या तोंडी असं नाव आलं जे आपल्या कागदावर नाही, तर पार्किंग ब्रेक सोडायचाच नाही. ‘रिक्वेस्ट डिटेल्ड टॅक्सी इन्स्ट्रक्शन्स’ असं स्पष्ट म्हणायचं. मी हे पहिल्या दिवशी म्हटलं असतं तर बारा दिवस वाचले असते.

दुसऱ्यांदा चार्ट नवा होता, चूक माझी होती. चालत्या विमानात टेक-ऑफच्या आधीची चेकलिस्ट काढली, मान खाली गेली आणि वळण मागे पडलं. टॅक्सी करताना ब्रेक आणि वळणात उपकरणं तपासून घेतली की पुरे, बाकी सगळं थांबून. चार्टवर जिथे ‘एचएस’ लिहून गोल केलेला असतो तो हॉट स्पॉट, म्हणजे आधीही लोक चुकलेली जागा. तिथे तर रेडिओची फ्रिक्वेन्सीसुद्धा बदलू नये.

तिसऱ्या वेळी हे केलं: क्लिअरन्स (कुठल्या रस्त्याने जायचं ती परवानगी) लिहून घेतला, ‘सी–बी–बी२’ आणि शेवटी उभी रेघ. ती रेघ म्हणजे थांबा. मग बोटाने चार्टवर तो रस्ता फिरवला, वळणं डावी-उजवी अशी मोठ्याने म्हटली. पाट्या अशा वाचायच्या: काळ्यावर पिवळं अक्षर म्हणजे आपण आत्ता जिथे आहोत तो टॅक्सीवे, पिवळ्यावर काळं अक्षर आणि बाण म्हणजे पुढचे रस्ते, लालवर पांढरं म्हणजे पुढे रनवे. होल्डिंग पॉइंटला चार पिवळ्या रेघा, दोन सलग, दोन तुटक. सलग रेघा आपल्या बाजूला असतील तर परवानगीशिवाय ओलांडायच्या नाहीत. सेस्ना १७२ या छोट्या विमानाच्या नाकाखाली त्या दिसेनाशा होतात, म्हणून बाजूच्या लाल पाटीवर नजर ठेवून अलीकडेच थांबा. लाल स्टॉप बार (टॅक्सीवेवर आडवी लाल दिव्यांची रांग) पेटलेला असेल तर परवानगी मिळाली तरी ओलांडू नका, आधी विचारा.

रीडबॅक बरोबर आला म्हणजे झालं, असं मानू नका. २ जानेवारी २०२४ ला टोकियोच्या हानेडावर तटरक्षक दलाच्या विमानाला ‘नंबर वन’ म्हणून सी-५ होल्डिंग पॉइंटपर्यंत जायला सांगितलं होतं. रीडबॅक बरोबर होता, विमान मात्र रनवेवर जाऊन उभं राहिलं आणि वरून जपान एअरलाइन्सचं ए३५० उतरलं. ए३५० मधले सगळे ३७९ जण बाहेर पडले, तटरक्षक विमानातले सहापैकी पाच वाचले नाहीत. रांगेतला पहिला नंबर म्हणजे परवानगी नव्हे. ‘लाइन अप’ (रनवेवर येऊन उभे राहा) किंवा ‘क्लिअर्ड फॉर टेक-ऑफ’ हे शब्द, आपल्या कॉलसाइनसकट (विमानाच्या रेडिओवरच्या नावासकट), कानावर पडले पाहिजेत.

एक राहिलंच. रनवेवर उभं राहिलं की हेडिंग, म्हणजे नाक कोणत्या दिशेला आहे ते, बघा. रनवेचा नंबर म्हणजे त्याच्या चुंबकीय दिशेचा दहावा भाग, २७ म्हणजे साधारण २७० अंश. २००६ मध्ये अमेरिकेतल्या लेक्सिंग्टनला कॉमएअरचं विमान रनवे २२ ऐवजी आखूड रनवे २६ वर उभं राहिलं आणि तिथूनच उड्डाण करायला निघालं, दिशेतला फरक ४० अंशांचा होता. विमानातल्या ५० पैकी ४९ जण गेले. मी आता थ्रॉटलला हात लावण्याआधी नंबर आणि हेडिंग दोन्ही मोठ्याने म्हणते.

तिसऱ्या चेकमध्ये एप्रन ते ब्रावो टू नऊ मिनिटं लागली, मध्ये दोनदा थांबले. मागच्या विमानाला वाट पाहावी लागली, पाहू दे. सही मिळाली तेव्हा पहिल्या सोलोइतकाच (एकटीने केलेल्या पहिल्या उड्डाणाइतकाच) आनंद झाला.

आणि उतरल्यानंतर घाईने फ्लॅप्स (पंखांच्या मागच्या झडपा) वर घेऊ नका. विमानाची शेपटीसुद्धा होल्डिंगच्या रेघांपलीकडे गेली, की मगच ‘रनवे व्हेकेटेड’ म्हणा, थांबा, आणि मग काय ते.