तुम्ही विचारलंत म्हणून: कातळी घोड्यांच्या शेपट्या

मी काढलेल्या कातळी घोड्याचं चित्र कुणालाही दाखवलं की प्रश्न ठरलेला, ही शेपटी अशी का आणि काढायची कशी? डोळे, खूर, आयाळ याबद्दल फारसं कुणी विचारत नाही, सगळे शेपटीपाशीच थांबतात आणि मला त्याचा मनापासून आनंद होतो, कारण माझाही सगळ्यात जास्त जीव तिथेच अडकलेला असतो. तर तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट लिहूनच काढते.

आधी थोडक्यात, कातळी ही माझ्या डोक्यातली घोड्याची जात आहे, खरी कुठेच नाही. मी तिला रत्नागिरी-राजापूरकडच्या सड्यांवर वसवलीये, म्हणजे उघडा जांभा, झाड औषधालाही नाही, चार महिने आडवा पाऊस आणि समुद्रावरून येणारा वारा. उंचीला लहान, छातीत रुंद घोडा, आणि शेपटी मात्र नेहमीच्या घोड्यापेक्षा पार वेगळी. बुडाशी आखूड राठ केसांचा पसरट झुपका, मध्ये जवळजवळ उघडा दांडा (म्हणजे शेपटीचा हाडाचा भाग), आणि टोकाला खुरांच्या जरा वर येईपर्यंत लोंबणारा जाड गोंडा, तोही खाली खाली तांबूस होत गेलेला.

आता काढायची कशी. बरेच जण थेट केसांपासून सुरुवात करतात आणि मग ती शेपटी मागून चिकटवल्यासारखी दिसते. हाड आधी काढा. शेपटी म्हणजे पाठीचा कणाच पुढे चालू राहिलेला असतो, त्यामुळे मी मानेपासून शेपटीच्या टोकापर्यंत एकच सलग रेघ मारते, हात न उचलता, आणि तिच्यावर घोडा बांधत जाते. खऱ्या घोड्याच्या शेपटीत साधारण १५ ते २१ मणके असतात आणि तो दांडा बराच वर संपतो, खाली जे लांबलचक दिसतं ते नुसते केस. कातळीचा दांडा मी मागच्या पायाच्या त्या उलट्या वळलेल्या सांध्यापर्यंत खाली आणते (आपण गुडघा म्हणतो पण ती खरं तर घोड्याची टाच), म्हणून मी मणके २४ धरलेत, आणि बुडाशी जाड, टोकाकडे बारीक होत जाणारे. हे मणके चित्रात कुणाला दिसत नाहीत, पण शेपटी कुठे वाकेल आणि कुठे वाकणारच नाही हे तेच ठरवतात.

ही शेपटी मी हवेतून आणलेली नाही, तिचा एकेक भाग खऱ्या जनावरांत आहे. गाढव आणि झेब्रा बघा, दांड्यावर आखूड केस आणि टोकाला गोंडा. मंगोलियातल्या प्रझेवाल्स्की घोड्याच्या दांड्यावर वरच्या भागात असेच आखूड केस असतात. आणि बुडाचा झुपका घेतलाय इंग्लंडमधल्या एक्समूर पोनीकडून, त्यांच्या शेपटीच्या वरच्या टोकाला राठ केसांचा दाट पसारा असतो, त्यावरून पाऊस आणि बर्फ बाजूला ओघळतं, मांड्यांच्या आतल्या नाजूक भागात शिरत नाही. सड्यावर बर्फ कुठलं, पण पाऊस कसा पडतो ते तिकडच्यांना विचारा! जोराचा वारापाऊस आला की घोडे वाऱ्याकडे पाठ करून, शेपटी आत दाबून उभे राहतात, म्हणजे सगळा मारा शेपटीच्या बुडावर येतो. तिथे छप्पर हवंच, म्हणून तो झुपका.

हालचालीसाठी एक गोष्ट मला फार उपयोगी पडली. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकच्या संशोधकांनी २०१८ मध्ये मांडलं होतं की प्राणी शेपटी झुलवतात तेव्हा तयार होणारा वारा डासाच्या उडण्याच्या वेगाएवढाच असतो, त्यामुळे बऱ्याच डासांना अंगावर बसताच येत नाही, आणि तरी एखादा बसलाच तर केसांचा भाग जोरात फिरवून त्याला हाणतात. म्हणजे शेपटीची दोन कामं, दोन भाग, आणि दोघांची वेळ वेगळी. दांडा आधी वळतो, गोंडा मागाहून येतो. घोडा उजवीकडे वळत असेल तर गोंडा अजून डावीकडे बाहेर फेकलेला दाखवा, लगेच जीव येतो चित्रात. मूडसुद्धा दांड्यातच असतो, घाबरला की आत दाबलेला, उधळला की वर उचललेला, वैतागला की फटकारे. गोंडा कितीही सुंदर काढला आणि दांडा मेलेला असला तर घोडा खोटाच दिसणार.

गोंड्यासाठी केस मोजत बसू नका. मी आधी तीन-चार मोठे पुंजके काढते, एकाखाली एक सावली टाकते, आणि सुटे केस अगदी शेवटी, तेही मोजकेच, एका वेगळ्या लेयरवर म्हणजे जास्त झाले तर उडवता येतात. पावसातला गोंडा भिजलेल्या केरसुणीसारखा काढायचा, टोकं एकत्र आलेली आणि अणकुचीदार.

तांबूस रंगाचं विचारतात ते तर सरळ आहे, जांभ्याची माती. माथेरानला पांढऱ्या घोड्यांची शेपटी टोकाला बघा, तसाच रंग चढलेला असतो. जन्मतः नाही, म्हणून कातळीच्या शिंगराचा गोंडा मी स्वच्छ ठेवते आणि म्हाताऱ्या घोडीचा पार विटकरी.

दिवाळीनंतर घाटावरचे धनगर मेंढरं घेऊन कोकणात उतरतात तेव्हा त्यांच्या घोड्या जवळून बघायला मिळतात, पाठीवर अख्खा संसार, कोकरं, कधी कोंबड्या, आणि शेपटीत गोखरू आणि कुसळं अडकून केसांची गच्च गाठ झालेली, ती गाठ चालताना मागच्या पायावर आपटत असते. शोच्या घोड्याच्या विंचरलेल्या शेपटीत मला ही मजा कधीच येत नाही. कातळीच्या गोंड्यात एक तरी गाठ मी ठेवतेच, साधारण खालच्या तिसऱ्या हिश्शात, आणि तिच्या वजनाने बाजूचे केस जरा ताणलेले.

आणि हो, ही जात आम्ही काढली तर चालेल का असं जे विचारतात त्यांना, खुशाल काढा. रंग तुमचे, आयाळ तुमची, उंचीही हवी तशी. फक्त दांडा त्या सांध्यापर्यंत खाली आणा आणि बुडाचा झुपका गाळू नका, त्या बिचाऱ्यांना चार महिने पावसात उभं राहायचं असतं.