अपेंडिक्स नसलेला नमुना-माणूस

अमेरिकेत शरीररचना शिकायला आल्यापासून घरून एक प्रश्न हमखास येतो: तिकडे अजून देह उघडून शिकवतात, की सगळं कॉम्प्युटरवरच? दोन्ही. आमच्या लॅबमध्ये स्टीलच्या टेबलांशेजारीच माणसाच्या लांबीचं टचस्क्रीन टेबल आहे. त्यावर बोट फिरवलं की कातडी जाते, मग चरबी, मग स्नायू. चुकलं तर 'अनडू'. खऱ्या देहात कापलेली नस कापलेलीच राहते, त्यामुळे नवी मुलं आधी स्क्रीनभोवती जमतात.

अशा साधनांना मोठी चालना दिली ती इथल्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनच्या 'व्हिजिबल ह्यूमन' प्रकल्पाने. १९९३ साली टेक्सासमध्ये जोसेफ पॉल जर्निगनला मृत्युदंड झाला. त्याने देहदान केलं होतं. (तुरुंगातल्या माणसाची संमती कितपत मोकळी, यावर पुढे बराच वाद झाला, आणि तो व्हायलाच हवा होता.) देह गोठवून एकेक मिलिमीटर खरवडत नेला आणि प्रत्येक थराचा फोटो काढला: १,८७१ छेद. १९९४ मध्ये ते खुले झाले. पुढच्या वर्षी एका ५९ वर्षांच्या बाईचे, ०.३३ मिलिमीटरचे, पाच हजारांवर छेद आले. गंमत म्हणजे जगभर नमुना ठरलेल्या या पुरुषाला अपेंडिक्सच नव्हतं!

स्क्रीनची खरी कमाल आडव्या छेदात आहे. डिसेक्शनमध्ये आपण वरून आत जातो. पोट आडवं कापलेलं सहसा बघायला मिळत नाही. सीटी स्कॅन मात्र तसाच असतो, तोही पायांकडून बघितलेला, म्हणून यकृत आपल्या डावीकडे दिसतं. इथे छेद बोटाने खाली सरकवत न्यायचा: यकृत आकसत जातं, जठरामागून स्वादुपिंड डोकावतं, मग मूत्रपिंडं. पुस्तकातल्या आकृतीवरून हे माझ्या डोक्यात कधीच शिरलं नसतं.

पण स्क्रीनवर धमनी लाल, शीर निळी, नस (म्हणजे नर्व्ह, मज्जातंतू) पिवळी. देह टिकवणाऱ्या फॉर्मेलिनमधल्या देहात सगळंच मातकट. तिथे चिमटीत धरून बघावं लागतं: धमनी पोकळ, दाबली की चपटी होते, नस भरीव, बोटांमध्ये लोळते. हे कुठलंही टचस्क्रीन शिकवत नाही.

आणि ॲपमधला देह फार शहाण्यासारखा वागतो. अंगठा आणि करंगळी जुळवून मनगट थोडं आत वाकवून बघा. मधोमध एक कंडरा (स्नायूच्या टोकाची दोरी) ताठ उठतो, तो पामारिस लाँगस या स्नायूचा. काहींच्या हातावर उठतच नाही, कारण तो स्नायूच नसतो. काहींच्या एकाच हातात असतो. ॲपमध्ये बहुधा दोन्हीकडे, अगदी पाठ्यपुस्तकी जागी. दुसरीकडचा तुटलेला कंडरा बदलायचा झाला तर सर्जन बऱ्याचदा हाच उचलतात, आणि तो आहे का हे आधी पेशंटच्या मनगटावरच तपासतात.