शेवटी बिडाचाच ब्लॉक घेतला

गाडी कुठवर आली असं जो भेटतो तो विचारतोय म्हणून एकदाच लिहून टाकतो. गाडी कुठंही आलेली नाही. गॅरेजात स्टँडवर उभी आहे, इंजिनाच्या जागी नुसतं भगदाड आहे आणि बायकोच्या गाडीनं सबंध हिवाळा बाहेर बर्फात काढलाय, त्याबद्दल मी रोज ऐकतो. नवीन इंजिनासाठी ब्लॉक, म्हणजे सिलिंडर असलेलं इंजिनाचं ओतीव अंग, कुठला घ्यायचा यातच माझे सहा महिने गेले.

गाडी म्हणजे 1986 ची शेवरोले माँटे कार्लो एसएस. तिच्यात मूळ 305 घन इंचाचा स्मॉल ब्लॉक (शेवरोलेचं जुनं व्ही8 इंजिन) होता, 180 हॉर्सपॉवरचा, आता एवढी पॉवर साध्या फॅमिली गाडीतपण असते. मला एक टर्बो (इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा) लावून क्रँकला, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याला, 800 हॉर्सपॉवर पाहिजेत, आणि तरीही ऑगस्टात वुडवर्ड रस्त्यावर ड्रीम क्रूझच्या, म्हणजे जुन्या गाड्यांच्या मिरवणुकीच्या, गर्दीत दोन तास पहिल्या गियरमध्ये रांगता आलं पाहिजे (आम्ही डेट्रॉइटजवळ राहतो, इथं ती आपल्या जत्रेसारखीच असते). लोकं 800 चा आकडा ऐकतात आणि दुसरी अट विसरतात. खरंतर ब्लॉक त्या दुसऱ्या अटीवरच ठरतो.

जुना स्मॉल ब्लॉक लगेच बाद केला. बहुतेकांत मेन कॅपला (क्रँक जागेवर धरणाऱ्या पट्टीला) दोनच बोल्ट, तेही खालून, एवढ्या पॉवरला क्रँक वाकायला लागली की कॅप हलणार. त्याच घराण्यातला नवीन आफ्टरमार्केट ब्लॉक मिळतो, चार बोल्टवाला, जाड भिंतींचा, पण नुसत्या रिकाम्या ब्लॉकला ते पैसे घालायचे तर मी आधी 1000 हॉर्सपॉवरच्या वरचं स्वप्न बघायला पाहिजे.

मग राहिलं एलएस, जीएमचं त्यानंतरचं व्ही8 घराणं. यात ब्लॉकचा स्कर्ट (खालची भिंत) क्रँकच्या खूप खालपर्यंत येतो आणि प्रत्येक मेन कॅप सहा बोल्टनी धरलेली असते, खालून चार आणि बाजूनं दोन, कारखान्यातूनच. त्यात ॲल्युमिनियमचे एलएस3 वगैरे आणि ट्रकमधले बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे. ॲल्युमिनियम कच्चं असतं असं जे म्हणतात ते मला पटत नाही, 2009 च्या कॉर्व्हेट झेडआर1 मध्ये एलएस9 होतं, ॲल्युमिनियम ब्लॉक, सुपरचार्जर, 638 हॉर्सपॉवर, आणि वर कंपनी वॉरंटीही देत होती. पण त्यात स्लीव्ह (सिलिंडरचं अस्तर) असते बिडाची आणि आजूबाजूचं अंग ॲल्युमिनियमचं, दोघांचं गरमीत फुगणं वेगळं, आणि बूस्ट (कोंबलेल्या हवेचा दाब) वाढवत नेलं की बोअर (सिलिंडरचं भोक) गोल राहायची काळजी सुरू होते. बिडाच्या ब्लॉकचं वजन 80-100 पौंडानं जास्त पडतं हे खरंय, तेही पुढच्या ॲक्सलवर. रेस ट्रॅकवर वळणं घेणाऱ्याला ते खुपेल, मला लाल सिग्नलवरनं सरळ निघायचंय.

बिडाच्यात 5.3 लिटरचं तर गल्लोगल्ली मिळतं, स्वस्त, भिंती जाड. मी 6.0 घेतलं, एलक्यू4, कारण त्याचा बोअर 4 इंच आहे, 5.3 चा 96 मिलिमीटर म्हणजे 3.78 इंचच. 4 इंचाला पुढंमागं एलएस3 चे हेड (सिलिंडरवरचं व्हॉल्व्हवालं झाकण) बसतात, 5.3 ला त्यांचे व्हॉल्व्ह बोअरच्या कडेला आपटतील. शिवाय इंजिन मोठं म्हणजे टर्बो लवकर जागा होतो.

तर पहिला 6.0 ब्लॉक एकाकडून घेतला, रिकामा. तो म्हणाला काढला तेव्हा मस्त चालू होता, मीही मान डोलावली आणि घेऊन आलो. रविवारी काकांना व्हिडिओ कॉल लावला. काका कोल्हापूरला शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत होते, आयुष्य बीड ओतण्यात गेलं. त्यांना बोअर-स्ट्रोकमध्ये काडीचा रस नाही. पहिला प्रश्न, "वाजवून बघितलास काय?" मी म्हटलं काका, मशीन शॉपवाला मॅग्नाफ्लक्स (चुंबकानं चिरा शोधायची टेस्ट) करतो की. तर म्हणे, "त्यो करंल तवा करंल, तू आधी टांग आन् हातोडी मार."

होइस्टला साखळीनं टांगला आणि छोट्या हातोडीनं मारला. डाव्या बाजूला ठण्ण. उजवीकडं मागच्या सिलिंडरपाशी थप्प, ओल्या विटेवर मारल्यासारखं. काका फोनवर काही बोलले नाहीत, नुसती जीभ टाळ्याला लावून च्च केलं. मशीन शॉपमध्ये ते ऐकून आधी हसले, मग चुंबक लावून लोहचूर्ण टाकलं तर वॉटर जॅकेटच्या (सिलिंडरभोवती पाणी फिरायच्या पोकळीच्या) बाहेरच्या भिंतीवर वीतभर रेघ. आत नुसतं पाणी भरलेलं, अँटीफ्रीझ नाही, आणि मिशिगनच्या थंडीत अंगणात पडलेला, पाणी गोठलं आणि फुगून भिंत फाटली. फ्रीझ प्लग (ब्लॉकच्या भोकांवरची पातळ बुचं) निघून ब्लॉक वाचतो म्हणतात, इथं नाही वाचला.

दुसरा मग जंकयार्डमधल्या ट्रकमधनं अख्खं इंजिनच काढलं, 600 डॉलर. हा सगळीकडं ठण्ण वाजला. मॅग्नाफ्लक्स झालं, सोनिक टेस्टनं भिंतींची जाडी मोजली (ओतताना कोर, म्हणजे आतल्या पोकळीचा वाळूचा साचा, सरकला असेल तर एक बाजू पातळ पडते, बाहेरनं दिसत नाही), मग 30 थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) बोअर वाढवला. होनिंग (बोअर आतून घासणं) टॉर्क प्लेट (हेडच्या जागी आवळायची जाड प्लेट) लावूनच करायला सांगा, कारण हेडचे बोल्ट आवळले की बोअर किंचित वेडावाकडा होतो, तेव्हा तसा आवळलेला असतानाच गोल करायचा. कुणी म्हणालं ब्लॉकमध्ये सिमेंटसारखं फिलर ओत, मजबूत होतो. ड्रॅगवाले ओततात, त्यांना दहा सेकंद चालवायचंय. पण फिलरनं थंड करणाऱ्या पाण्याची वाट बुजते, वुडवर्डवर मी त्यात अंडी उकडेन.

आणि हे सगळं करूनही या इंजिनांत ब्लॉकच्या आधी पिस्टन मरतात. पिस्टनवरच्या रिंगच्या दोन टोकांमधला गॅप कारखान्यात कमी ठेवलेला असतो, बूस्टच्या गरमीत रिंगची टोकं एकमेकांना भिडतात आणि पिस्टनची कड उचकटते. माझा गॅप 24 थाऊ ठेवणार, 4.030 बोअरला इंचामागं 6 थाऊ धरून. आणखी एक, इथं प्रत्येक सिलिंडरभोवती हेडचे मोठे बोल्ट चारच आहेत, बूस्ट फार वाढवला तर हेड उचलेल, म्हणून 800 ला थांबायचं असं ठरवलंय. निदान आज तरी.

ब्लॉक आता तेल लावून काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलाय, पिस्टन यायचेत. काल काकांना दाखवला. किती पडले म्हणाले. 600 इंजिनचे आणि 900 मशीन शॉपचे. वजन किती? 90 किलो धरा. गप्प बसून हिशेब केला त्यांनी.

"किलोला चौदाशे रुपये? मटणाच्या दुप्पट भावानं बीड घेतलंस की रं."