लेकॉकची खिडकी आणि शिरोड्याचे मीठ

इंग्लंडला नातेवाइकांकडे जाणाऱ्या आपल्या कोकणातल्या कुटुंबांनी बाथ शहर पाहताना जवळच असलेल्या, विल्टशरमधल्या लेकॉक गावासाठी एक पूर्ण दिवस राखून ठेवावा. कागदावरच्या छायाचित्रणाचा पाया घालणारे विल्यम हेन्री फॉक्स टॅलबट इथेच राहत असत. त्यांच्या नावाचे संग्रहालय त्यांच्या वाड्याच्या, म्हणजे 1232 साली जोगिणींचा मठ म्हणून स्थापन झालेल्या लेकॉक ॲबीच्या, प्रवेशद्वाराशीच एका जुन्या कोठारात आहे.

आम्ही वेंगुर्ल्याहून गेलो होतो; बरोबर सासूबाई आणि शाळकरी मुलगी होती. 1833 साली इटलीतल्या कोमो सरोवराकाठी टॅलबट यांना निसर्गचित्र मनासारखे रेखाटता येईना, तेव्हा भिंगातून पडणारी प्रतिमा कागदावर आपोआप उमटून तशीच टिकावी, ही कल्पना त्यांच्या मनात आली. त्यासाठी त्यांनी वापरलेल्या लहान लाकडी कॅमेऱ्यांना त्यांच्या पत्नी कॉन्स्टन्स उंदराचे सापळे म्हणत. ते मुठीएवढे डबे पाहिल्यावर मुलीला ते नाव तंतोतंत पटले.

सासूबाईंचे माहेर शिरोड्याचे, मिठागरांच्या गावचे. त्यामुळे छायाचित्राच्या कागदाची कृती मी त्यांना समजावून सांगू लागले तेव्हा त्या थबकल्या. कागद साध्या मिठाच्या सौम्य पाण्यात भिजवून वाळवायचा, त्यावर सिल्व्हर नायट्रेटचा हात फिरवायचा, की तयार होणारे सिल्व्हर क्लोराइड उजेडात काळे पडते. आणि मिठाचे प्रमाण बरेच वाढवले, तर तोच कागद उजेडाला फारसा जुमानत नाही, म्हणून चित्र टिकवण्यासाठी टॅलबट यांनी सुरुवातीला मिठाचेच तीव्र द्रावण वापरले. “म्हणजे ह्या आपला मीठच मां!” सासूबाई म्हणाल्या, आणि त्यानंतर प्रत्येक चित्र त्या अगदी जवळ जाऊन पाहू लागल्या. पुढे शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी हायपो हे चित्र पक्के करणारे रसायन सुचवले आणि चित्रे अधिक पक्की झाली.

संग्रहालय आधी पाहावे आणि मगच वाड्यातल्या दक्षिण दालनात जावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. तिथल्या जाळीदार खिडकीची ऑगस्ट 1835 मधली निगेटिव्ह (उजेडाच्या जागी काळोख दाखवणारी उलटी प्रतिमा) ही कॅमेऱ्यातून घेतलेली, आजवर टिकलेली सर्वांत जुनी निगेटिव्ह मानली जाते. ती टपालाच्या तिकिटाएवढी आहे, तरीही नवी असताना भिंगातून तिच्यातली सुमारे 200 तावदाने मोजता येत होती, असे टॅलबट यांनी लिहून ठेवले आहे. मूळ निगेटिव्ह ब्रॅडफर्डच्या विज्ञान आणि माध्यम संग्रहालयाच्या ताब्यात असल्यामुळे ती लेकॉकला पाहायला मिळेल, अशी अपेक्षा ठेवू नये. खिडकी मात्र खरी, तीच आहे. ढग सरून ऊन आले, की शिशाच्या बारीक पट्ट्यांमध्ये बसवलेली तावदाने एकेक करून उजळतात, आणि मुलीने तिथे उभे राहून ती मोजायला घेतली.

लंडनच्या पॅडिंग्टन स्थानकावरून चिपनहॅमला रेल्वेने साधारण सव्वा तासात पोहोचता येते आणि तिथून बस किंवा टॅक्सी मिळते. परतीच्या बसची वेळ उतरतानाच पाहून ठेवावी. संग्रहालय, वाडा आणि गावातली बरीचशी घरे नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेच्या ताब्यात आहेत, परंतु वाड्यातली दालने आणि संग्रहालय यांच्या वेळा नेहमी सारख्याच असतात असे नाही, म्हणून निघण्यापूर्वी ट्रस्टच्या संकेतस्थळावर दोन्ही पाहाव्यात. दालने वरच्या मजल्यावर आहेत. गुडघे दुखणाऱ्या ज्येष्ठांना जिने चढवत नसतील, तर त्यांना तळमजल्यावरच्या मठाच्या कमानदार ओवऱ्यांमध्ये निवांत फिरता येते. तिथली फरसबंदी मात्र जुनी आणि उंचसखल आहे, त्यामुळे चपलांऐवजी बूट घालावेत.