ट्रंकेतला तारा

रविवार, रात्री साडेदहा

आज शाकारणीला हात घातला. कौलं उतरवायची म्हणून माळा रिकामा केला, त्यात आज्जाची काळी ट्रंक निघाली. कुलूप गंजलेलं, वरवंट्याच्या दोन ठोक्यांत निखळलं. आत घोंगडं, कागदांचं पुडकं आणि पानाच्या डबीत एक तारा.

सहा टोकांचा, पितळी, मध्ये मुकुट. फीत विटली आहे, तरी ओळखू येते: दोन्ही कडांना तांबडी, मग पांढरी, मधोमध हिरवी. इटलीच्या झेंड्याचे रंग. हा इटली स्टार, दुसऱ्या महायुद्धातल्या इटलीच्या मोहिमेचं ब्रिटिश पदक. शौर्याचं पदक नव्हे. गडी तिथल्या मोहिमेवर होता, एवढंच तो सांगतो.

आमच्या घरात मात्र आज्जा म्हणजे युद्धातले वीर नामदेव जाधव यांच्या खांद्याला खांदा लावून लढलेला. ९ एप्रिल १९४५, इटलीतली सेनिओ नदी, जाधवांनी जखमींना उचलून पाण्यातून पार नेलं, त्यासाठी शौर्याचं सर्वोच्च ब्रिटिश पदक व्हिक्टोरिया क्रॉस, हे बाबांच्या तोंडून ऐकून मला पाढ्यासारखं पाठ आहे. आज डिस्चार्जचा कागद उलगडला तर आज्जा पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनचा. जाधव पहिलीतले. पहिली आठव्या इंडियन डिव्हिजनमध्ये, तिसरी दहाव्या. झालं, खांदा सुटला!

गंमत म्हणजे तिसरीलाही व्हिक्टोरिया क्रॉस आहे. नाईक यशवंत घाडगे, १० जुलै १९४४, टायबरचं खोरं. त्याच लढाईत ते पडले. बाबांनी दुसऱ्याच पलटणीचा वीर धरून ठेवला इतकी वर्षं.

इंग्रजी कागदावर आमचं आडनाव एक, कन्नड उताऱ्यावर दुसरं, आज्जीला आलेल्या मराठी कार्डावर तिसरं. आता कुठलं खरं म्हणायचं?

"काय वाचूलास रे एवढं?" आत्यानं विचारलं. तिला बटालियनचं सोयरसुतक नाही. शेत गहाण पडलं म्हणून आज्जा १९४२ साली खानापूरहून चालत बेळगावला गेला, रेल्वेचे पैसे वाचवायला. रेजिमेंटचं सेंटर १९२२ पासून तिथंच, भरतीला लांब जायला नको. लढाईचं तो कधी बोललाच नाही म्हणे. बोलायचा चिखलाचं. रात्री खेचरांवर शिधा नि गोळ्यांच्या पेट्या लादून डोंगर चढायचा, खेचर अडलं की पेटी आपल्या पाठीवर. ओल्या बुटांत पाय सडायचे.

मग मला आठवलं. रोप लावून आलेल्या प्रत्येकाला तो ओसरीवर बसवायचा आणि पायाच्या बोटांच्या बेचक्यात फडकं घालून पुसायचा. एकेक बोट. पोरांची, बायांची, गड्यांचीसुद्धा. बाया लाजायच्या, आज्जी चिडायची. आम्हाला वाटायचं, म्हातारा जरा चक्रमच.

संध्याकाळी गडी चहाला बसले तेव्हा बाबांनी डबी मागवली. तारा तळहातावर घेऊन त्यांनी थेट सेनिओच्या काठापासून सुरुवात केली. मी कागद खिशात घातला आणि कपबश्या गोळा करायला लागलो.