रोडकिंगचा धूर कुठनं येत होता ते घावलं

तर भावांनो, माझ्या जुन्या टू-स्ट्रोक मोटरसायकलचं, म्हणजे येझदी रोडकिंगचं पुढचं अपडेट. जाळ अन् धूर संगटच हे बोलायला भारी वाटतं, पण आमच्या रोडकिंगचा धूर असा झाला होता की राजारामपुरीत सिग्नलला थांबलं की मागचा रिक्षावाला तोंडाला रुमाल लावायचा. दोन मिस्त्रींना दाखवली, दोघांचं एकच, बोअर गेलाय (म्हणजे सिलिंडर आतनं झिजलाय), ओव्हरसाइज पिस्टन टाका. मला काय ते पटेना, कारण कॉम्प्रेशन चांगलं, किक मारली की पाय वर ढकलतंय, चढाला ओढपण आहे, मग बोअर कसा गेला.

टू-स्ट्रोकला थोडा धूर असणारच, पेट्रोलमध्ये ऑइल आपणच मिसळतोय (मी लिटरला ४० मिली टाकतो), पण तो गाडी तापली की कमी होतो. हिचा तापल्यावर वाढत होता आणि वास टूटी (2T, पेट्रोलमध्ये मिसळतो त्या) ऑइलचा नाही, जळक्या गिअर ऑइलचा. गिअर ऑइलची लेव्हल बघितली तर खाली गेलेली आणि गाडीखाली जमिनीवर एक थेंब नाही. मग ऑइल गेलं कुठं? काडी बुडवून वास घेतला तर पेट्रोलचा वास, ऑइल पण पाण्यागत पातळ. इथंच विषय मिटला, डाव्या बाजूचं क्रँक सील, म्हणजे क्रँकशाफ्टभोवतीची रबरी रिंग, जी गिअर ऑइल इंजिनात जाऊ देत नाही. पिस्टन वर गेला की क्रँककेसमध्ये (पिस्टनखालच्या कप्प्यात) व्हॅक्यूम होतो आणि फाटक्या सीलमधनं गिअर ऑइल आत ओढलं जातं, खाली आला की उलट पेट्रोल तिकडं ढकललं जातं. म्हणजे धूर दिसला की बोअर उघडायच्या आधी गिअर ऑइलचा वास घ्या, फुकटात होतंय.

काम तसं अवघड नाही, इंजिन फाडावं लागत नाही. किक आणि गिअरचा तो एकच लिव्हर काढायचा, डावं कव्हर उतरवायचं (स्क्रू हट्टी असतात, इम्पॅक्ट ड्रायव्हरच घ्या, साध्या स्क्रूड्रायव्हरनं खाचा मारून ठेवाल), मग क्लच आणि पुढचं, क्रँकवरचं चेन स्प्रॉकेट एकदमच बाहेर काढायचं कारण त्या दोघांना जोडणाऱ्या प्रायमरी चेनला जॉइंट नाही. खरी मारामारी स्प्रॉकेटची. ते टेपरवर (निमुळत्या शाफ्टवर) घट्ट बसलंय, ओढून काढायला पुलर पाहिजेच, छिन्नी घालून ठोकाठोकी केली की क्रँकची वाट लागली समजा. पुलर कुठं मिळेना म्हणून उद्यमनगरात एका लेथवाल्या काकांकडं गेलो, त्यांनी स्प्रॉकेटच्या आट्याचं माप घेतलं आणि बसल्या बसल्या करून दिला, वर "पोरा, पैशाचं नंतर बघू, आधी निघतंय का ते सांग". कोल्हापुरात राहायचा हाच फायदा. पुलर आवळला, बोल्टच्या डोक्यावर एक टोला, टक्क करून निघालं.

सीलची लिप (शाफ्टला टेकणारी कड) नखानं दाबून बघितली तर प्लास्टिकगत कडक झालेली, एका जागी चीर. नवीन घेताना जुन्यावरचा साइज नंबर दाखवून व्हायटॉनचं (पेट्रोल-ऑइलला टिकणाऱ्या रबराचं) घेतलं, थोडं महाग आहे, पण हल्लीच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलला साधं रबर फार दिवस टिकत नाही. शाफ्टवरनं नख फिरवून बघा, जुन्या सीलनं चर पाडली असेल तर नवीन पण गळणार. जुनं कुठल्या तोंडानं बसलंय त्याचा फोटो काढूनच उपसा.

आणि हो, सील बदलल्यावर पण थोडे दिवस धूर येतोच, सायलेन्सरमध्ये साठलेलं ऑइल जळत असतंय, घाबरू नका. मी दोन्ही बॅफल (सायलेन्सरच्या आतल्या नळ्या) काढून जाळून घेतले आणि पन्हाळ्याला एक चक्कर मारली, वाघबीळ चढून वर जाईपर्यंत मागं पांढरा पट्टा, येताना एकदम साफ. प्लग उघडला तर मस्त कॉफी कलर. नाद खुळा!

आता पॉइंट (प्लगला ठिणगी देणाऱ्या सर्किटमधले उघडझाप करणारे कॉन्टॅक्ट) राहिलेत. गॅप ०.४ एमएमला लावतो पण पॉइंट परत परत काळे पडतायत, म्हणजे त्यांच्यावरची ठिणगी दाबणारा कंडेन्सर गेलाय. जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा डे (जावा-येझदीवाल्यांचा दिवस) आहे, त्या पावसात गाडी बंद पडायला नको. बाजारात मिळतायत ते डुप्लिकेट कंडेन्सर फार टिकत नाहीत, कुणाकडं जुना ओरिजिनल स्टॉक पडून असेल तर सांगा, घ्यायला मी येतो.